सतरा नंबरची उत्तरपत्रिका

१

मेलेल्या मुलीला गणितात चाळीसपैकी छत्तीस गुण मिळाले, म्हणून मोठ्या बाईंनी मला तातडीनं बोलावून घेतलं.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी शाळेची ग्रंथपाल, एकतीस वर्षं झाली. एरवी शाळेत वाचनालय आहे हे कुणाच्या गावीही नसतं. दहावीची मुलं तर तिथे फक्त पंख्याखाली बसायला येतात, पुस्तकाला हात लावला तर पाप लागेल अशी. पण काही झाकायचं असलं की पहिली आठवण माझी होते. माझी जीभ तिखट असली तरी ऐकलेलं पोटात राहतं, एवढी एक ख्याती मी कमावून ठेवली आहे.

टेबलावर दहावीचं गुणपत्रक उघडं होतं. गणित, सराव परीक्षा. क्रमांक सतरासमोर सरांच्या लाल शाईत तीन आकडे होते: तेहेतीस, पस्तीस, छत्तीस.

सतरा नंबरची मुलगी जुलैत गेली. चार दिवसांचा ताप आला आणि खेळ संपला. आता फेब्रुवारी चालू होता. आमच्याकडे जूनमध्ये दिलेला क्रमांक वर्षभर बदलत नाहीत, नाहीतर बोर्डाच्या अर्जांचा घोळ होतो. त्यामुळे रोज हजेरीला सोळा झालं की वर्गशिक्षिका एक श्वास थांबतात आणि मग अठरा म्हणतात. त्या एका श्वासात बेचाळीस मुलं चिडीचूप असतात. मी एकदा दाराशी उभी राहून ते ऐकलं होतं. पुन्हा कधी उभी राहिले नाही.

मी म्हटलं, घाईत ओळ चुकली असेल. मोठ्या बाईंनी तीन उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवल्या. गठ्ठ्यांमध्ये सोळा आणि अठराच्या मध्ये त्या व्यवस्थित लावलेल्या सापडल्या होत्या. वर फक्त क्रमांक आणि 'सराव परीक्षा १', '२', '३' असं लिहिलेलं. तारीख नाही, पर्यवेक्षकाची सही नाही. अक्षर मात्र तिचंच होतं. बारीक, डावीकडे झुकलेलं, आणि सातचा आकडा मधोमध आडवा कापलेला. रोज मधल्या सुट्टीत ती माझ्या वहीत सही करून पुस्तक न्यायची. ते अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं.

गणिताच्या सरांना बोलावलं. चार वर्ग, पावणेदोनशे पेपर, मी नाव कुठे बघत बसू, असं ते म्हणाले. नंबर बघायचा, उत्तरं तपासायची, गुण चढवायचे. सतरा नंबर म्हणजे कोण, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग मोठ्या बाईंनी विचारलं, हे पेपर आधी कुणाच्या हाती लागले असतील का?

"शक्यच नाही," सर म्हणाले. "प्रत्येक पेपर मी आदल्या दिवशी स्वतः काढतो. दरवेळी नवाकोरा."

म्हणजे जानेवारीत काढलेला पेपर जुलैत गेलेल्या मुलीनं तिच्याच अक्षरात सोडवला होता. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

२

चौथी सराव परीक्षा मंगळवारी होती. वर्गावर मीच गेले.

शिपाईकाकांवर मोठ्या बाईंचा संशय होता, कारण गठ्ठे वर्गातून माझ्या कपाटापर्यंत तेच आणत. त्यांना मी बाहेर स्टुलावर बसवलं आणि आत यायची बंदी केली. बिचारे खूश झाले. या गठ्ठ्यांना हात लावायची त्यांची इच्छा कधीच मेली होती. बेचाळीस कोऱ्या उत्तरपत्रिका मी दोनदा मोजल्या.

प्रश्नपत्रिकांचं पाकीट मी अजून फोडलंही नव्हतं, तेवढ्यात सर दारात आले. चौथ्या प्रश्नात त्रिकोणाची तिसरी बाजू अठरा छापली आहे, ती आठ वाचावी, फळ्यावर लिहा, असं सांगून गेले. मी लिहिलं.

तिसऱ्या रांगेतल्या शेवटच्या बाकावर अठरा नंबर एकटी बसते. तिला सगळे टिटवी म्हणतात, कारण हिचं तोंड कधी मिटायचं नाही. सतरा आणि अठरा म्हणजे एक पुस्तकातला किडा आणि एक टिटवी, पण दोघींचं मेतकूट असं की डबासुद्धा एकच. जुलैपासून टिटवी गप्प आहे. अख्खा बाक मोकळा असताना ती अगदी कडेला बसते, अर्धी बाहेर, शेजारच्याला जागा पुरावी अशी. दोन तास मी त्या रिकाम्या अर्ध्या बाकाकडे बघायचं टाळलं. तरी डोळे तिकडेच जायचे.

घंटा झाली. शेवटच्या बाकावरच्यानं आपल्या रांगेतले पेपर गोळा करून टेबलावर आणायचे, ही आमची जुनी पद्धत. पाच रांगांचे पाच गठ्ठे आले. मी दार लावून घेतलं आणि मोजायला बसले.

त्रेचाळीस.

पुन्हा मोजले. सोळाच्या खाली सतरा होती, सतराच्या खाली अठरा. माझी पाचावर धारण बसली, ते कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

३

मोठ्या बाईंना मात्र भूतबित मान्य नाही. तिसऱ्या रांगेचे पेपर कुणी गोळा केले? टिटवीनं. मैत्रिणीचं अक्षर कुणाला चांगलं ठाऊक? टिटवीला. दोन तासांत दोन पेपर कुणालाच लिहिता येत नाहीत, म्हणजे एक घरून लिहून आणलेला. म्हणजे प्रश्नपत्रिका आधीच हाती आलेली. म्हणजे चोरी. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, आणि मोजणी बरोबर होती.

टिटवीला उभं केलं. पेपर मीच घातला, एवढं तिनं मान डोलावून कबूल केलं. कुठून आला, कुणी लिहिला, हे विचारल्यावर तोंडात मिठाची गुळणी. सर कोपऱ्यात खाली बघत बसले होते. मोठ्या बाईंनी शेवटचं सांगितलं की शनिवारी प्रवेशपत्रं वाटायची आहेत, आणि पेपर कुठून मिळाला ते कळेपर्यंत तिचं प्रवेशपत्र कपाटातच राहील.

प्रवेशपत्र नाही म्हणजे बोर्डाची परीक्षा नाही. एक वर्ष पाण्यात, आणि वर कपाळावर चोर असा शिक्का. तिची आई शिवणकाम करून दोन मुलींना शिकवते, हे मला माहीत होतं. दहावी-बारावी झाली की मोठीला, म्हणजे हिला, नर्सिंगला घालायचं, हा तिचा एकच धोशा.

बाहेर आल्यावर मी टिटवीचा दंड धरला. बोल की गं बाई, म्हटलं, एरवी शाळा डोक्यावर घ्यायचीस. ती इतकंच म्हणाली, "बाई, मी सांगितलं तर दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटावर पाय येईल."

मग दंड सोडवून घेऊन ती गेली.

४

चारही उत्तरपत्रिका मी वाचनालयात नेल्या. दुपारी तिथे कुणी नसतं. एकतीस वर्षं मी त्या खोलीत एकटी बसले आहे, पण त्या दिवशी दार सताड उघडं ठेवलं.

पहिल्यांदा चौथा पेपर काढला, कारण तो माझ्या डोळ्यांदेखत आला होता. बेचाळीस मुलांनी त्रिकोणाची तिसरी बाजू आठ धरली होती. सतरा नंबरनं गणित सोडवलंच नव्हतं. तिनं लिहिलं होतं: सात आणि नऊची बेरीज सोळा होते, ती अठरापेक्षा कमी आहे, म्हणून असा त्रिकोण होऊच शकत नाही. आणि खाली: सर, प्रश्न चुकला आहे.

ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. जणू ती शेजारी उभी राहून तक्रार सांगत होती. पण काटा बसल्यावर डोकं चालू झालं. फळ्यावरची दुरुस्ती हिनं पाहिली नव्हती. ही त्या वर्गात नव्हती. बरं, भूत असतं तर त्यानं फळा वाचला नसता का?

मग मी पुरवण्या पाहिल्या. पुरवणी मुख्य पेपरला टाचणीनं टोचलेली होती, आणि टाचणीचा गंज खालच्या दोन पानांत उतरला होता, तांबूस, टाचणीच्या आकाराचा. पुस्तकात गंज कसा उतरतो हे मला कुणी शिकवायला नको. आठ दिवसांत असा डाग पडत नाही. त्याला दमट हवेचा एक अख्खा पावसाळा लागतो. म्हणजे हे कागद पावसाळ्याच्या आधीचे. तेव्हा सतरा नंबर जिवंत होती, धडधाकट होती, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला वेळच वेळ होता.

अक्षर तिचं वाटत होतं, कारण ते तिचंच होतं.

भीती गेली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. त्या मुलीनं मे महिन्यात, कुणी न सांगता, घड्याळ लावून हे पेपर सोडवले होते. समासात वेळा टाकल्या होत्या. दोन तासांचा पेपर एक तास पन्नास मिनिटांत. पुढे काय होणार याचा तिला पत्ता नव्हता. मला थोडा वेळ काही दिसेना, म्हणून चष्मा पुसत बसले.

आता प्रश्न एकच उरला. जानेवारीत काढलेले पेपर मे महिन्यात कसे सोडवले गेले? मी टिटवीचे स्वतःचे गुण काढून पाहिले. चौदा, सोळा, पंधरा. पेपर आधी मिळालेली मुलगी असे दिवे लावेल? छे. तिनं ते कागद कधी उघडूनही पाहिले नव्हते.

शेवटी मी छापील प्रश्नपत्रिका खिडकीशी धरली. वर तारखेच्या भोवती एक फिकट चौकोनी रेघ होती. मूळ कागदावर चिठ्ठी चिकटवून प्रत काढली की कडेची अशी सावली येते. वाचनालयाच्या कार्डांवर मीही हा उद्योग कैकदा केला आहे. म्हणजे पेपर जुनाच, नवी फक्त तारीख. सरांना पाकीट फोडायच्या आधी चूक कशी माहीत होती, ते मग निराळं सांगायला नको.

५

शाळेसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. शाळेची सगळी छपाई तिथेच होते, प्रश्नपत्रिकांपासून कोऱ्या उत्तरपत्रिकांपर्यंत. दुकानदार म्हणजे सतरा नंबरचे वडील. जुलैपासून मी त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. काय बोलायचं, हा प्रश्न होता. रस्त्याच्या पलीकडून मान हलवायची आणि पुढे व्हायचं, असं सात महिने चाललं होतं, आणि त्याची मला शरम वाटली.

मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ते यंत्र बंद करून ऐकत राहिले. लेकीनं असे पेपर लिहिले होते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की सुट्टीत ती दुकानात मागे बसून असायची, आणि बिघडलेल्या प्रती कोऱ्या पाठीसाठी मागून न्यायची. उत्तरपत्रिकांचे वाया गेलेले कागदही तिथलेच.

"रद्दीच ती, बाई. मी तिला नाही का म्हणणार?" ते म्हणाले. "आणि सरांचं म्हणाल तर तारखेची चिठ्ठी दरवर्षी नवी असते, कागद तोच. बारा वर्षं मी बघतोय. गिऱ्हाईकाचं झाकलेलं आपण कशाला उघडायचं?"

टिटवी कुणाच्या पोटावर पाय येईल म्हणत होती, ते तेव्हा मला कळलं. शाळेचे पेपर दुकानातून घरी गेले असं झालं असतं, तर शाळेचं काम पहिल्या फटक्यात याच माणसाच्या हातून गेलं असतं. लेक गेली, वर भाकरीही गेली असती.

मी त्यांना ते स्पष्ट सांगितलं. पुरावा दिलात तर तुमचं काम जाऊ शकतं, नाही दिलात तर त्या पोरीची परीक्षा जाते. ते उठून मागच्या खोलीत गेले. आले ते एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. त्यातून त्यांनी एक प्रत काढली, अर्धी काळी आलेली. सराव परीक्षा चार, मागच्या वर्षीची तारीख, त्रिकोणाची तिसरी बाजू अठरा. पाठीवर पेन्सिलीनं केलेली कच्ची आकडेमोड होती, आणि सात मधोमध कापलेला.

ती प्रत माझ्या हातात देऊन त्यांनी पुन्हा धरून ठेवली.

"ही तेवढी परत आणून द्या," ते म्हणाले.

६

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत चौघं होतो. मी, सर, टिटवी आणि बाई स्वतः. मी गंज दाखवला, फळ्यावरची दुरुस्ती सांगितली, तारखेभोवतीची रेघ दाखवली आणि टिटवीचे गुण वाचले. शेवटी मागच्या वर्षीची प्रत टेबलावर ठेवली, पालथी नाही, उताणी. शाळेतून काही फुटलं नव्हतं. मागच्या वर्षी वापरून झालेल्या पेपरची ती रद्दी होती, आणि झालेला पेपर सोडवून बघणं हा काही गुन्हा नाही. तो पेपर यंदा पुन्हा आला नसता, तर सतरा नंबरची उत्तरं त्याला लागूच पडली नसती, आणि सरांना पहिल्याच दिवशी कळलं असतं. हे भूत सरांनीच बारा वर्षं चिठ्ठ्या चिकटवून जन्माला घातलं होतं.

सरांनी त्या प्रतीकडे पाहिलं. नाकारता आलं असतं, निदान प्रयत्न तरी करता आला असता. माणूस त्या जागी असाच वागतो, आणि मी त्याच तयारीनं गेले होते.

"मंगळवारीच माझ्या लक्षात आलं होतं," ते म्हणाले. "मी गप्प बसलो. मुलीची परीक्षा जाईल हे समोर दिसत असताना मी गप्प बसलो. तिचं प्रवेशपत्र द्या, बाई. माझं काय करायचं ते नंतर ठरवा."

मोठ्या बाईंनी कपाट उघडून प्रवेशपत्र काढलं. पाचवा आणि सहावा पेपर दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांकडून काढून घ्यायचा, आणि सरांचं पुढे काय ते संस्थेपुढे ठेवायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. दुकानदाराचं नाव त्यांनी मुद्दाम काढलं नाही. बाई कडक आहेत, पण आंधळ्या नाहीत.

टिटवीनं प्रवेशपत्र घेतलं आणि तशीच उभी राहिली. मोठ्या बाईंनी विचारलं, आता काय हवंय? तेव्हा कुठे तिचं तोंड उघडलं. सुट्टीत सतरा नंबरनं तिला आपले सोडवलेले सहा पेपर दिले होते. तू माझे तपास, मी तुझे तपासते, असं ठरलं होतं. टिटवीनं तपासते तपासते म्हणून दोन महिने खिडकीत टाकून ठेवले, स्वतः एकही सोडवला नाही. मैत्रीण रोज विचारायची. तापातसुद्धा तिनं विचारलं होतं.

"मी तिला सांगितलं, तपासले, छान आहेत," टिटवी म्हणाली. "खोटं सांगितलं. नंतर मला ते उघडताही येईनात. म्हटलं, निदान सर तरी तपासतील."

दप्तरातून तिनं उरलेल्या दोन उत्तरपत्रिका काढल्या.

वाचनालयात मी एक टेबल मोकळं करून दिलं. सर बसले, समोर टिटवी. सुरुवातीला सर नुसत्या बरोबरच्या खुणा करत सुटले होते. टिटवीनं हात मध्ये घातला. म्हणाली, सर, दया नको, नीट तपासा, ती चिडेल. मग सर मागे गेले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. एकेक पायरी. पाचव्या पेपराला त्यांना तास लागला. बारा वर्षांत त्यांनी एखादा पेपर असा वाचला असेल असं मला वाटत नाही.

सहाव्या पेपरात तिसऱ्या प्रश्नाशी ते थांबले. टाकीच्या घनफळाचं गणित होतं, उत्तर अगदी बरोबर होतं. लाल पेन बराच वेळ वरच राहिलं. त्यांनी टिटवीकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"घनमीटर लिहिलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "अर्धा गुण कापावा लागेल."

"कापा," टिटवी म्हणाली. "ती नेहमी विसरायची. मी तिला दहादा सांगितलं असेल."

सरांनी अर्धा गुण कापला. आणि सात महिन्यांत पहिल्यांदा, टेबलावर डोकं टेकून, ती मुलगी मोठमोठ्यानं रडायला लागली. सरांनी पेन खाली ठेवलं नाही. चौथा प्रश्न उघडून ते पुढे तपासत राहिले. मी दार लावून घेतलं आणि आतच बसून राहिले.